विरह आणि शरीर

उमरेडजवळच्या कऱ्हांडल्याच्या जंगलात (२०१२ पासून ते अभयारण्य आहे) वाघ-वाघीण चार दिवस एकत्र येतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने निघून जातात. सस्तन प्राण्यांत हाच सर्वसाधारण प्रघात आहे. जोडीदाराला धरून राहणाऱ्या जाती शंभरांत दहासुद्धा नाहीत. मनुष्य बहुतांशी या अपवादांत मोडतो. दुरावलेले माणूसही त्याच्या मनातून सुटत नाही.

या ओढीचे मराठीतील अत्यंत प्रांजळ चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि त्या कथेचा एक धागा आपल्या नागपूरचा आहे. ना. वा. टिळक नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयास होते. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई आप्तांकडे राहिल्या. वडीलधाऱ्यांनी बालपणी लावून दिलेले हे लग्न. त्या काळच्या समाजाच्या लेखी आता ते मोडल्यातच जमा होते. पण ओढ तुटेना. काही वर्षांनी त्या अहमदनगरला पतीकडे गेल्या. स्वतः बाप्तिस्मा मात्र १९०० साली, आपल्या विचाराने घेतला. आधी पती, मग धर्म, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

आईपासून दुरावलेली मुले प्रथम आक्रोश करतात व मग खचतात, हे जॉन बोल्बी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दाखविले. हेझन व शेव्हर यांनी १९८७ साली तोच विचार प्रौढांच्या प्रेमाला लावला. पुढे अमेरिकेतील कुरणांत राहणाऱ्या, जोडीने संसार करणाऱ्या एका उंदरासारख्या प्राण्यावर प्रयोग झाले. जोडीदार हिरावलेला नर हातपाय गाळून बसतो आणि त्याच्या रक्तात ताणाचे संप्रेरक वाढते, असे २००९ साली आढळले. विरहाने माणूस झुरतो हे आपले जुने बोलणे अगदीच अलंकारिक नव्हे, तर!

प्रसूतीच्या कळा आणणारे ऑक्सिटोसिन जोडी जमविण्यासही साह्य करते, असे या प्राण्यांत दिसताच वृत्तपत्रांनी त्याला ‘प्रेमरसायन’ ठरविले. ते घाईचे होते. २०२३ साली त्या रसायनाचे ग्राहकच जन्मतः नसलेले प्राणी तयार केले गेले, आणि तेही जोडीने राहिले. निसर्गाने हे बंधन एकाच दोरीवर सोपविलेले नाही.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्याचे ६४ अध्याय रचले.