कुठल्या दारातून आत जायचं?

परवा रविवारी सकाळी सकाळी मावसभावाचा फोन. पोरगा धाराशिवचा, यंदा बी.ई. होईल, एम.एस.ला अर्ज भरतोय. विद्यापीठ ठरलंय, पण त्याच विद्यापीठात त्याच्या विषयाची दोन 'स्कूल्स' निघाली. एक इंजिनियरिंगचं, एक इन्फर्मेशनचं. अर्ज एकाच ठिकाणी करता येतो. "दादा, पहिल्याचं नाव मोठंय, दुसऱ्यात नंबर लागायचा चान्स जास्तंय. काय करू?" तासभर बोललो, ठरलं काहीच नाही. (मला कॉम्प्युटर मिळेना म्हणून मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि आज जावा लिहितो. कोणाला विचारतोय बघा!)

फोन ठेवल्यावर पणजोबा आठवले. पाहिलेले नाहीत, आजोबांकडून ऐकलेले. तुळजापूर तालुक्यातलं खेडं, साल १९३५च्या आसपास. जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. मॅट्रिक झालेल्या पोरापुढे दारं किती? हैदराबादला निजाम कॉलेज होतं, १८८७ सालचं. शिक्षण इंग्रजीत आणि गंमत म्हणजे संलग्न मद्रास विद्यापीठाला! त्याच शहरात १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ, तिथे सगळं उर्दूत. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतराचं खास खातं काढलं होतं. इतिहास, गणित, विज्ञान, सगळ्याची पुस्तकं उर्दूत आणायला. इंग्रजी हा एक सक्तीचा विषय. देशी भाषेत उच्च शिक्षण द्यायचा हा प्रयोग खरंच मोठा होता, हे मान्य करायला हवं. फक्त ती देशी भाषा आमच्या घरची नव्हती.

तिसरं दार पुण्याचं. पण ते पडलं ब्रिटिश हद्दीत, आणि खर्च कोण करणार? शाळेपुरतं आणखी एक वेगळं दार जिल्ह्यातच होतं : हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, १९२१ची. स्वामी रामानंद तीर्थ तिथे काही वर्षं मुख्याध्यापक होते. पण तिथे जाऊन सरकारी नोकरीची आशा कोण धरणार!

पणजोबांनी उस्मानिया निवडलं. पुढे त्यातही कायदा, कारण कोर्टाचं काम उर्दूत चालायचं. हिशेब अगदी बरोबर होता. १९३८ मध्ये वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं, त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्या चळवळीतलेच, त्यांनी कायद्याची पदवी नागपूरला घेतली. पणजोबा त्या गडबडीत नव्हते. का नव्हते, हे आजोबांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग आला सप्टेंबर १९४८. पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाची सत्ता संपली. उस्मानियात उर्दू माध्यम जाऊन इंग्रजी आलं. कोर्टातली उर्दूही मागे पडत गेली. इतकी वर्षं विचार करून निवडलेलं दार, आणि भिंतच दुसरीकडे सरकली. पणजोबा तिशी ओलांडल्यावर रात्री कंदिलाखाली इंग्रजी कायद्याची पुस्तकं घेऊन बसायचे, हे आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. वकिली चालली, पण वयाने लहान वकिलांना 'हा शब्द काय?' विचारायची पाळी आली, ती त्यांना शेवटपर्यंत लागली म्हणे.

असो. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं, २००४ मध्ये त्याचं उपकेंद्र थेट आमच्या गावात आलं. त्याच वर्षी सत्तरेक किलोमीटरवर सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. पण आमचा जिल्हा औरंगाबादकडेच राहिला.

हे सगळं रात्री भावाला सांगितलं. शांतपणे ऐकलं त्याने. मग म्हणाला, "ते ठीकंय दादा, पण शेवटची तारीख पंधरा आहे. दोन्हींचे सिलॅबस पाठवतो, निदान एकदा बघ तरी."

पाठवलेत. अठ्ठावीस पानं आहेत. चहा टाकतो आणि बसतो.