गाठ, सही आणि मत

1970च्या दशकापर्यंत अमेरिकेत स्तनात गाठ आढळलेल्या बाईकडून ऑपरेशनआधी एका कागदावर सही घेत. भूल दिल्यावर गाठीचा तुकडा तपासला जाई आणि तो कर्करोगाचा निघाला तर त्याच बेशुद्धीत स्तन काढून टाकत. स्तन राहिला की गेला, हे बाईला जाग आल्यावरच कळे. विल्यम हॉलस्टेड या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळवलेल्या पद्धतीत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथीही जात. हात सुजे, खांदा आखडे.

मेरीलँडची पत्रकार रोझ कुशनर हिच्या हाताला 1974मध्ये गाठ लागली. तिने अट घातली: आधी फक्त तपासणी करा, निकाल मला सांगा, पुढचं नंतर ठरवू. ही अट मानणारा सर्जन मिळेना. आमच्या मोहल्ल्यात आजही डॉक्टरांपुढे बाईऐवजी तिचा नवराच बोलतो, त्यामुळे मला ही अट लहान वाटत नाही. कुशनर नुसती भांडली नाही. वैद्यकीय संशोधन वाचून काढून तिने 1975मध्ये पुस्तक लिहिलं. 1979मध्ये सरकारी आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीत, स्वतः डॉक्टर नसताना, ती सदस्य म्हणून बसली. तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं, अशी शिफारस त्या समितीने केली.

त्याच काळात पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर विचारत होते की एवढं कापण्याची गरज तरी आहे का? उत्तरासाठी अशा बायका हव्या होत्या, ज्यांचे उपचार चिठ्ठी टाकल्यासारखे ठरतील. अठराशेहून अधिक बायका तयार झाल्या. 1985मध्ये निष्कर्ष आला: गाठ तेवढी काढून किरणोपचार दिले, तरी जगण्याचं प्रमाण तेवढंच राहतं. फिशर यांचं नाव इतिहासात राहिलं. त्या बायकांची नावं कोणाला ठाऊक आहेत?

1991मध्ये रुग्णांच्या संघटना एकत्र आल्या. त्यांच्या नेत्या फ्रॅन व्हिस्को वकील होत्या, स्वतः हा आजार भोगलेल्या. पुढच्याच वर्षी संसदेने संशोधनासाठी 21 कोटी डॉलर मंजूर केले, तेही संरक्षण खात्याच्या बजेटमधून! लष्कराचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध काय, असं वाटेल. पण पैसा त्या खात्यात होता आणि नियमांमुळे तो बाहेर काढणं अवघड होतं.

शिक्षक म्हणून मला यापुढचं पान जास्त आवडतं. 1995मध्ये या महासंघाने रुग्ण बायकांसाठी अभ्यासवर्ग सुरू केला. पेशी म्हणजे काय, जनुक म्हणजे काय, आकडेवारी कशी वाचायची, हे शास्त्रज्ञच येऊन शिकवू लागले. शिकलेल्या बायका त्या लष्करी निधीच्या निवड समित्यांवर बसू लागल्या. शास्त्रज्ञाच्या मताइतकंच त्यांचं मत मोजलं जाई. तिथे त्या विचारत: या प्रयोगातून आजारी बाईला काय मिळणार, आणि त्यासाठी तिला किती वेळा सुई टोचून घ्यावी लागणार?