उद्याचा खेळाडू देऊन आजचा चषक

मंडळी, हा विषय निघाला की अमेरिकेतल्या बेसबॉलचं उदाहरण येतंच. ते आधी उरकून घेऊ. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइटच्या संघाला त्याच वर्षी जिंकायचं होतं. त्यांनी अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर हा पिचर घेतला आणि बदल्यात २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही. तरी डेट्रॉइट पुढे मिनेसोटाकडून हरलंच. स्मोल्ट्झ अटलांटासाठी वीसेक वर्षं खेळला.

आपल्याकडे ही गोष्ट आयपीएलमध्ये आली. २००९ च्या हंगामाआधी दिल्लीने २३ वर्षांचा शिखर धवन मुंबईला दिला आणि अनुभवी आशिष नेहरा घेतला. दिल्ली गुणतक्त्यात पहिली आली, पण उपांत्य सामन्यात डेक्कन चार्जर्सकडून हरली. मुंबईलाही काही घबाड मिळालं नाही. २०१० चा अंतिम सामना इथून हार्बर लाईनने गेलं की लागणाऱ्या नेरुळला झाला, आणि मुंबई चेन्नईकडून हरली. २०११ च्या मोठ्या लिलावात धवन डेक्कनकडे गेला.

आता गंमत बघा. २०१८ ला दिल्ली तळाला होती. तेव्हा त्यांनी हाच धवन, आता बत्तिशीचा, हैदराबादकडून परत आणला. त्यासाठी विजय शंकर, शाहबाज नदीम आणि १८ वर्षांचा अभिषेक शर्मा दिला. हा तोच पोरगा, ज्याने आदल्या मे महिन्यात पदार्पणातच बंगळुरूविरुद्ध १९ चेंडूंत नाबाद ४६ केल्या होत्या. वर्षभराने दिल्लीने आपल्या डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे राजस्थानकडून घेतला आणि मयंक मार्कंडे, राहुल तेवतिया हे दोघे दिले.

याला वेडेपणा म्हणायचं का? मी म्हणणार नाही. २०१९ ला दिल्ली सात वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचली. २०२० ला धवनने ६१८ धावा केल्या, लागोपाठ दोन शतकं ठोकली, आणि दिल्ली पहिल्यांदाच अंतिम सामन्यात गेली. तिथे, दुबईत, समोर मुंबई होती. मुंबईच्या ट्रेंट बोल्टने पहिल्याच चेंडूवर स्टॉयनिसला आणि मग रहाणेला बाद केलं. धवनचा त्रिफळा जयंत यादवने उडवला. बोल्ट आणि जयंत दोघेही मुंबईने दिल्लीकडूनच घेतलेले! मुंबईने ‘आज’ विकत घेतला तो असा, घरातलं फारसं काही न देता.

पण अभिषेकला देऊन दिल्लीने भविष्य घालवलं, हे जे सर्रास बोललं जातं, त्यात इतिहासाची गल्लत आहे. बेसबॉलमध्ये नवा खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की साधारण सहा हंगाम संघाच्या ताब्यात असतो. दिला तर खरंच सहा वर्षं जातात. आयपीएलमध्ये दर तीनेक वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. २०२२ च्या आधी हैदराबादने अभिषेकला राखलंसुद्धा नव्हतं. लिलावात साडेसहा कोटींना परत घ्यावं लागलं. तो दिल्लीलाही घेता आला असता. २०२५ ला पंजाबविरुद्ध त्याने १४१ केल्या, त्या धावांची किंमत २०१८ च्या व्यवहाराच्या खात्यावर मांडता येत नाही. दिल्लीने दिली ती फार तर तीन वर्षं.

मग या व्यवहारात नुकसान कुणाचं होतं? संघमालकांचं क्वचितच. मार्कंडेचंच बघा. २०१८ ला मुंबईसाठी पदार्पणाच्या हंगामात १५ बळी. २०१९ च्या जुलैत दिल्लीला दिला, नोव्हेंबरात राजस्थानला. चार महिन्यांत तीन संघ, आणि दिल्लीसाठी एक चेंडूही टाकला नाही. नियमाने खेळाडूची संमती लागते म्हणतात. पण एकविशीतला पोरगा मालकाला नाही म्हणणार कसा?