भीमगीतांच्या कॅसेट कोण वाचवणार?

कॅसेटचा आवाज गोड की डिजिटल, हा वाद हौशी लोकांनी घालावा. आपला प्रश्न वेगळा आहे : आपला आवाज टिकणार कसा?

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. पुढे ती स्वस्त झाली, घरच्या घरी नक्कल काढता येऊ लागली आणि भीमगीते वस्तीवस्तीत पोहोचली. आपल्याच जिल्ह्यातले, देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्या पिढीचा आवाज आता मुद्रणातच उरला आहे.

टेपवर आवाज चुंबकीय रूपात असतो. प्रत्येक नकलेत खरखर वाढते, दमट जागी बुरशी चढते. डिजिटलमध्ये आवाज आकड्यांत मोजला जातो. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा. म्हणून शंभरावी प्रतही पहिलीसारखीच निघते. मात्र हार्डडिस्क बिघडली की सगळेच एकदम जाते.

तेव्हा नामपूरच्या तरुणांनो, घरातल्या जुन्या कॅसेट शोधा. त्या एमपीथ्रीत नव्हे, वेव्ह फाइलमध्ये उतरवा. एमपीथ्री आवाजाचा काही भाग गाळते. प्रती तीन ठिकाणी ठेवा, मूळ कॅसेट फेकू नका. आणि गायक, कवी, गाव, साल लिहून ठेवा. नाव पुसले गेले की इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढतो. हे आपण पुरेसे भोगले आहे.

जयभीम!