परत मिळालेली मूठ

इसवी सनापूर्वीं १६०० च्या सुमारास मिसर देशांत लिहिला गेलेला एक वैद्यकग्रंथ आज उपलब्ध आहे. एडविन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें तो १८६२ सालीं लक्सर येथें विकत घेतला, व पंडित जेम्स ब्रेस्टेड ह्यांनीं १९३० सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांतील ४८ रुग्णांच्या हकीकतींपैकीं एक मानेचा मणका निखळलेल्या मनुष्याची आहे. स्वतःच्या हातापायांची त्यास जाणीवच नाहीं, असें लक्षण नोंदवून तो जुना वैद्य निकाल देतो कीं, ह्या दुखण्यावर उपचार करूं नये. निकाल क्रूर वाटतो. पण तो प्रामाणिक होता, आणि पुढें साडेतीन हजार वर्षें त्यांत फारसा बदल करण्यासारखें कोणाच्या हातीं कांहीं नव्हतें. इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें लुडविग गुटमन ह्यांनीं १९४४ सालीं अशा रुग्णांसाठीं स्वतंत्र विभाग चालविण्यास घेतला, आणि त्यांना जगविण्याची विद्या हळूहळू रूढ झाली. जगलेला मनुष्य मग साहजिकच दुसरा प्रश्न विचारतो.

पांगळा म्हटला कीं आम्हां धडधाकटांच्या मनांत प्रथम पाय येतात. परंतु किम अँडरसन ह्या विदुषीनें ६८१ रुग्णांस प्रत्यक्ष विचारून २००४ सालीं जी माहिती प्रसिद्ध केली, तींत हात व पाय दोन्ही गमावलेल्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं सर्वांआधीं हात मागितले आहेत. चालणें मागें राहिलें. थोडा विचार केला तर ह्यांत नवल नाहीं. चाकांच्या खुर्चींत बसून मनुष्य कचेरीचें काम करूं शकतो; पण ज्याला घांसदेखील दुसऱ्यानें भरवावा लागतो, त्यास आपलें परावलंबन दिवसांतून कितीदां आठवत असेल!

मानेच्या खालच्या भागांत मज्जारज्जु दुखावला असतां पुष्कळदां खांदा हलतो, कोंपर दुमडतें, आणि बोटें तेवढीं निर्जीव होतात. निर्जीव हा शब्द मात्र बरोबर नव्हे. मेंदूचा निरोप नेणारी वाट मध्येंच तुटलेली असते. तिच्या खालचे मज्जातंतु व स्नायु बरेचसे शाबूत असतात, आणि बाहेरून विजेचा सौम्य प्रवाह दिला तर ते आकुंचन पावतात. गॅल्वानीनें बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग १७९१ सालीं प्रसिद्ध केले, तेव्हांपासून हें तत्त्व विद्वानांस ठाऊक आहे. परंतु पाय झटकणें वेगळें आणि पेला न सांडतां धरणें वेगळें. त्या दोहोंमधील अंतर कापावयास पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ लागला.

तें कापलें गेलें अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं. तेथील विद्यापीठांत हंटर पेकहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं एका रुग्णाच्या शरीरांत एक यंत्र कायमचें बसविलें. ‘फ्रीहँड’ ह्या नांवानें तें पुढें ओळखलें गेलें. छातीच्या कातडीखालीं एक लहानशी डबी, व तिच्यापासून हाताच्या स्नायूंपर्यंत आंतूनच नेलेल्या आठ तारा. डबीवर बाहेरून एक वेटोळें चिकटवीत. रेडियोच्या लहरींनीं त्यांतून शक्ति व आज्ञा दोन्ही आंत जात. आज्ञा देणार कोण? दुसऱ्या बाजूचा खांदा! तो पुढेंमागें केला कीं मूठ उघडे वा मिटे, आणि त्यास चटकन् हिसका दिला कीं मिटलेली मूठ तशीच पक्की राही. अंगठा व तर्जनी ह्यांच्या चिमटींत लेखणी किंवा जेवणाचा कांटा धरावा, अथवा सर्व बोटांनीं पेला धरावा, अशा दोनच पकडी. पण त्या दोन पकडींत मनुष्याचा निम्मा दिवस सामावतो. १९९७ सालीं अमेरिकन सरकारनें हें यंत्र विकण्यास परवानगी दिली.

आणि येथेंच ह्या इतिहासाचा आम्हांस सर्वांत खेदकारक वाटणारा भाग येतो. सुमारें अडीचशें लोकांच्या अंगांत तें बसविलें गेलें, व २००१ सालीं तें विकणाऱ्या कंपनीनें हा व्यवसाय सोडला. यंत्र निकामी ठरलें होतें असें नव्हे. गिऱ्हाइकें थोडीं होतीं. मिसरी वैद्य म्हणाला, उपचार करूं नये. बाजार म्हणाला, परवडत नाहीं. पहिल्यानें निदान ज्ञान अपुरें म्हणून हात टेकले होते. आंतली डबी वर्षानुवर्षें टिकली तरी बाहेरच्या तारा झिजावयाच्याच. त्या कोठून आणाव्या? ह्या विद्येचा संसार चालू ठेवण्यासाठीं पुढें त्याच विद्यापीठांत नफा न घेणारी एक संस्था काढावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दरम्यान संशोधक थेट मेंदूपर्यंत पोंचले होते. मेंदूच्या पृष्ठभागांत ९६ सूक्ष्म सुया रोंवून, केवळ हालचालीच्या विचारानें संगणकाच्या पडद्यावरील खूण हलविणाऱ्या रुग्णाची हकीकत २००६ सालीं प्रसिद्ध झाली. २०१७ सालीं क्लीव्हलंडकरांनीं ह्या दोन्ही वाटा जोडल्या. हात सर्वस्वीं गेलेल्या एका मनुष्याच्या मेंदूंतील संकेत टिपून ते त्याच्याच दंडांत व हातांत बसविलेल्या ३६ तारांकडे वळविण्यांत आले. हाताचा भार पेलण्यास एक यांत्रिक आधार तेवढा दिला होता. खांद्याच्या खुणेची मध्यस्थी आतां उरली नव्हती. बारा वेळां प्रयत्न करून अकरा वेळां तो आपल्या हातानें कॉफीचा पेला तोंडाशीं नेऊन प्याला. पेला बोटांस लागल्याचें त्यास कळत नसे, म्हणून नजर सारखी त्यावर ठेवावी लागे. आणि यंत्र थांबलें कीं हातही थांबे.