मैदान कुणाचं?

‘मैदान’ हा मूळचा फारसी शब्द मराठीत इतका मुरला आहे, की तो बाहेरून आला हे सांगूनही पटत नाही. आपण मैदानात उतरतो, मैदान गाजवतो, मैदान मारतो. आणि घोडामैदान तर नेहमी जवळच असतं. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, मैदान आपल्याला मोकळं आहे. ते मोकळं नसेल तर काय होतं, याची एक हकिकत आज सांगायची आहे. ती इंग्लंडमधली आहे, शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि कारखान्यात राबणाऱ्या मुलींची आहे.

इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायरमध्ये प्रेस्टन नावाचं गाव आहे. तिथं ‘डिक, कर आणि कंपनी’चा कारखाना ट्रामगाड्या आणि रेल्वेची इंजिनं तयार करत असे. १९१४ साली महायुद्ध सुरू झालं. पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यात तोफगोळे बनू लागले. ते बनवायला बायका आल्या. सुट्टी झाली की या मुली आवारात तिथल्या पोरांबरोबर चेंडू खेळत. कपडे बदलायच्या खोलीला छोट्या चौकोनी काचा होत्या. चेंडू मारून आधी काच कोण फोडतो, यावर पैज लागे. मुलगे जिंकले तर मुलींनी त्यांना सिगारेटचं पाकीट द्यायचं, मुली जिंकल्या तर मुलग्यांनी चॉकलेट द्यायचं. एका मोठ्या इतिहासाची सुरुवात अशी चॉकलेटवर झाली.

१९१७ साली गावातल्या इस्पितळात जखमी सैनिकांसाठी निधी हवा होता. कारखान्यातल्या ग्रेस सिबर्ट यांनी सुचवलं, की गाण्याच्या कार्यक्रमाऐवजी फुटबॉलचा सामना ठेवू. कचेरीत काम करणाऱ्या अल्फ्रेड फ्रँकलंड यांनी व्यवस्था अंगावर घेतली. प्रेस्टनच्या पुरुषांच्या नामांकित संघाचं डीपडेल मैदान भाड्यानं घेतलं. नाताळच्या दिवशी दुसऱ्या एका कारखान्याच्या मुलींशी सामना झाला. दहा हजार माणसं आली, आणि डिक-करच्या मुली ४-० नं जिंकल्या.

युद्ध १९१८ साली संपलं, पण खेळ थांबला नाही. १९२० च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या मुलींचा संघ इंग्लंडमध्ये आला. प्रेस्टनच्या पहिल्याच सामन्याला पंचवीस हजार प्रेक्षक होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डीपडेलवर रात्री सामना खेळला गेला. विमानविरोधी दलाचे दोन शोधदिवे त्यासाठी युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या परवानगीनं मिळाले होते. अंधारात दिसावा म्हणून चेंडू चुन्यानं पांढरा केला होता. पैसे जमवायचे होते ते युद्धावरून परतून बेकार झालेल्या सैनिकांसाठी.

आणि मग आला २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या मुलींशी सामना होता. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक बसले होते आणि आणखी हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेर राहिले होते. संघाची हुकमी खेळाडू फ्लॉरी रेडफर्ड हिची गाडी चुकली. तेव्हा कर्णधार अ‍ॅलिस केल स्वतः पुढं खेळायला गेली आणि तिनं तीन गोल केले. त्या एका दिवसात तीन हजारांहून अधिक पौंड जमले. १९२१ मध्ये या संघानं सदुसष्ट सामने खेळले, आणि तेही कारखान्यातली नोकरी सांभाळून.

त्या वर्षाच्या ५ डिसेंबरला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं एक ठराव केला. फुटबॉल हा खेळ स्त्रियांना अगदी अयोग्य आहे आणि त्याला उत्तेजन देऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. शिवाय जमलेल्या पैशांतला फार मोठा वाटा खर्चात जातो, असा ठपका होता. शेवटी संलग्न क्लबांना विनंती होती, की अशा सामन्यांना आपली मैदानं देऊ नयेत.

मी कवी माणूस, शब्दांकडे जरा जास्त वेळ बघत बसतो. हा ठराव पाहा. ‘बायकांनी खेळू नये’ असं त्यात कुठंही नाही. तो कायदा नव्हता, त्यासाठी कुणी तुरुंगात जाणार नव्हतं. फक्त मैदान देऊ नका, एवढंच सांगितलं. चेंडू तुमचा, पाय तुमचे, हौस तुमची. जागा मात्र आमची. बंदी इतक्या सभ्य भाषेत आली, की तिला बंदी म्हणायलाही पुढं बराच काळ लागला.

कारणं दोन सांगितली गेली, शरीराचं आणि पैशाचं. शरीराच्या बाजूनं डॉक्टरांची मतं पुढं आली. त्यांत लंडनच्या नामवंत डॉक्टर मेरी शारलिब होत्या. हा खेळ बाईच्या शरीराला झेपणारा नाही, असं त्या म्हणाल्या. याच बाई १८७५ साली आपल्याकडे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्या होत्या. तिथं शिकणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. डॉक्टरकी बाईला झेपणार नाही, हे वाक्य त्या काळी सर्रास ऐकू येई. ज्या दारातून आपण आत आलो, त्याच्या शेजारचं दार दुसऱ्या बायकांसाठी बंद होताना माणूस मान डोलावतो. हे मला त्या ठरावाहूनही जास्त खटकतं.

पैशाबद्दल अ‍ॅलिस केलनं उत्तर दिलं. कामकरी मुलींना गावोगाव जाऊन खेळायचं तर कामाचे तास बुडतात, त्यांची भरपाई घेण्यात वावगं काय, असं तिचं म्हणणं होतं. एका सामन्याला मुलीच्या हातात दहा शिलिंग पडत. त्यापुढं इस्पितळांना गेलेल्या रकमा मांडल्या, तर ठपका कुठं बसतो हे ज्याचं त्यानं ठरवावं.

न सांगितलेली कारणंही असावीत. युद्ध संपल्यावर कारखान्यांतून बायकांना घरी पाठवणं चालू होतं. १९२१ साली कोळसा खाणींत टाळेबंदी झाली, तेव्हा मुलींचे सामने खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठीही होऊ लागले. सैनिकांसाठी खेळणाऱ्या मुली कौतुकाच्या होत्या. कामगारांसाठी खेळणाऱ्या मुली अनेकांना अडचणीच्या वाटू लागल्या असणार, असं मला वाटतं.

तरीही संघ मोडला नाही. १९२२ मध्ये तो बोटीनं अटलांटिक ओलांडून गेला. कॅनडातल्या संघटनेनं तिथंही खेळायला नकार दिला. मग मुली अमेरिकेत पुरुषांच्या संघांशी नऊ सामने खेळल्या. तीन जिंकल्या, तीन बरोबरीत सोडवले. १९२६ साली कारखान्याशी नातं तुटलं आणि संघाचं नाव ‘प्रेस्टन लेडीज’ झालं. साधी क्रीडांगणं, रग्बीची मैदानं, जे मिळेल त्यावर त्या खेळत राहिल्या. १९६५ मध्ये संघ बंद झाला, तोवर आठशेहून अधिक सामने झाले होते आणि त्यांतले साडेसातशेहून अधिक त्यांनी जिंकले होते. लिली पार १९२० साली संघात आली तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होती. ती १९५१ पर्यंत खेळली. तिच्या नावावर हजाराच्या आसपास गोल सांगतात. पोटासाठी ती मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिकेचं काम करत असे.

बंदी उठली १९७० साली. असोसिएशननं माफी मागितली २००८ साली. लिली पार १९७८ मध्येच वारली होती. २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संग्रहालयानं आपल्या मानकऱ्यांत पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घातलं, तेही तिला कळलं नाही. २०२२ साली वेंब्लीवर इंग्लंडच्या मुलींनी युरोपचं अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा सत्त्याऐंशी हजारांवर माणसं हजर होती. लोक म्हणाले, बायकांच्या फुटबॉलला आता कुठं दिवस आले. दिवस १९२० सालीच आले होते. मधली पन्नास वर्षं कुणीतरी काढून घेतली. त्या वर्षांत किती लिली पार चेंडूला पाय न लावता म्हाताऱ्या झाल्या, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. माफीपत्रानं त्यांचं काही भरून येत नाही.

मात्र एक गोष्ट सांगायला हवी. २०२५ मध्ये एव्हर्टन क्लबचा पुरुषांचा संघ नव्या मैदानावर गेला, आणि जुनं गुडिसन पार्क पाडून टाकण्याचा विचार सोडून ते क्लबच्या महिला संघाला घरचं मैदान म्हणून देण्यात आलं. जिथं त्रेपन्न हजार माणसं एकदा आली होती आणि वर्षभरात ज्याची दारं मुलींना बंद झाली होती, तेच हे मैदान.