बखर आणि दप्तर : मोटार-शर्यतींच्या इतिहासाचे काही ग्रंथ

मोटारींच्या शर्यतींवरील ग्रंथ वाचावेत, अशी शिफारस एखाद्याने केली, तर आमच्या सुशिक्षित घरांतील वडील मंडळी नाक मुरडतील, तरुण मंडळी मनातून खूष होतील, आणि ग्रंथ मात्र बहुधा दोघेही उघडणार नाहीत. वडिलांच्या मते हा धनिकांचा प्राणघातक छंद. तरुणांच्या मते हा पाहण्याचा विषय, वाचण्याचा नव्हे. आम्हांस दोन्ही मते मान्य नाहीत. या विषयावर इंग्रजीत जे वाङ्मय निर्माण झाले आहे त्यातील पुष्कळसे टाकाऊ आहे हे खरे. पण उरलेल्यात असे काही ग्रंथ आहेत की, इतिहास कसा लिहावा आणि कसा लिहू नये, याचा धडा त्यांच्याइतका रोकडा क्वचितच मिळतो.

शिवाय ठाण्याच्या माणसाने तरी वेगाच्या इतिहासाकडे पाठ फिरवू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली १४ डब्यांची आगगाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन २१ मैलांचे अंतर ५७ मिनिटांत तोडून येथे येऊन पोचली. त्या इंजिनाची वंशावळ शोधू गेल्यास ती १८२९ साली रेनहिल येथे झालेल्या इंजिनांच्या चढाओढीपाशी जाऊन थांबते. स्टीफन्सनच्या 'रॉकेट'ने ती जिंकली म्हणून पुढचे सारे घडले. म्हणजे शर्यत ही केवळ करमणूक नव्हे. नव्या यंत्राची ती जाहीर परीक्षा असते. मोटारींचेही तसेच. १९०४-०५ च्या हिवाळ्यात मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी सुमारे ८०० मैलांची मोटारींची कसोटी घेतली; हेतू हा की, ही विलायती वाहने हिंदुस्थानच्या रस्त्यांवर टिकाव धरतात की नाही, ते पाहावे. दिल्लीहून मुंबई बेटात खुष्कीने शिरावयाचे म्हणजे ठाणे जिल्हा ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. कारण साष्टी तालुका त्या वेळी ठाण्याच्याच कलेक्टराखाली होता, मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो पुढे १९२० साली. आगगाडीचे पहिले दिवस गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या ग्रंथामुळे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मोटारीला मात्र मराठीत माडगावकर लाभला नाही.

युरोपात तो लाभला. चार्ल्स जॅरट या इंग्रज शर्यतपटूचा 'टेन इयर्स ऑफ मोटर्स अँड मोटर रेसिंग' हा १९०६ चा ग्रंथ आम्ही पहिल्या प्रतीचा समजतो. पॅरिस-माद्रिद या १९०३ सालच्या शर्यतीत अग्रक्रमाचा आकडा याच गृहस्थांच्या वाट्याला आला होता. धुळीने भरलेले रस्ते, दुतर्फा उसळलेली आणि ऐन वेळी बाजूला होणारी गर्दी, आणि मोटारींमागून मोटारींच्या अपघातांच्या वार्ता, असा तो प्रकार. लुई रनो याचा भाऊ मार्सेल त्यात दगावला. फ्रेंच सरकारने बोर्दो येथेच शर्यत बंद पाडली आणि मोटारी आगगाडीत घालून परत धाडल्या. आगगाडीला मागे टाकण्यासाठी जन्मलेल्या वाहनाची ही फजिती कोणाही ठाणेकराला गमतीची वाटेल. जेरल्ड रोज याचा १९०९ सालचा 'अ रेकॉर्ड ऑफ मोटर रेसिंग' हा जॅरटचा जोडग्रंथ. त्यात १८९४ ते १९०८ पर्यंतच्या शर्यतींचा तपशील आहे. तो रुक्ष आहे, पण भरवशाचा आहे. १८९४ च्या पॅरिस-रुआँ शर्यतीत सर्वांआधी पोचला तो काउंट द दियाँ वाफेच्या यंत्रावर, पण वाहन नियमांत बसत नाही म्हणून पहिले बक्षीस त्याला न देता पेजो आणि पानार या दोन कारखान्यांना विभागून दिले. पुढल्या वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस या सुमारे १,१८० किलोमीटरांच्या पल्ल्यात एमिल लव्हासोर ४८ तासांहून अधिक काळ स्वतः मोटार हाकून सर्वांच्या पुढे आला, आणि मोटारीला दोनच बैठका म्हणून पहिल्या बक्षिसाला मुकला. तेही पेजोकडेच गेले. याच पेजोची '३०९' ही मोटार १९९० नंतरच्या दशकात कल्याण-डोंबिवलीच्या बाजूस, वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कारखान्यात तयार होत असे. तो उद्योग फार काळ टिकला नाही. पण त्या मोटारीच्या नावामागे शंभर वर्षांचा शर्यतींचा इतिहास होता, हे ती विकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत होते?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढून पानिपताच्या बखरींना अस्सल पत्रांच्या साक्षीसमोर उभे केले, तेव्हापासून महाराष्ट्रात बखर आणि दप्तर यांतील भेद निदान सुशिक्षितांना तरी ठाऊक झाला आहे. मोटार-शर्यतींच्या वाङ्मयातही असेच एक बखरकार होऊन गेले : मर्सिडीज कंपनीच्या शर्यतपथकाचे व्यवस्थापक आल्फ्रेट नॉयबाउअर. 'स्पीड वॉज माय लाइफ' या नावाने १९६० साली इंग्रजीत आलेले त्यांचे आत्मवृत्त हाती घेतले की खाली ठेववत नाही. त्यातील सर्वांत प्रसिद्ध कथा १९३४ च्या आयफेल शर्यतीची. नव्या नियमाप्रमाणे मोटारीचे वजन ७५० किलोपेक्षा अधिक असता कामा नये. मर्सिडीज भरली ७५१. मग रातोरात तिचा पांढरा रंग खरवडून काढला, खालचा चंदेरी पत्रा उघडा पडला, आणि दुसऱ्या दिवशी 'रौप्यबाण' जन्माला आले! कथा इतकी गोंडस की, ती खोटी ठरावी असे कोणालाच वाटत नाही. परंतु संशोधकांनी नियम आणि जुनी वर्तमानपत्रे तपासली, तेव्हा त्या शर्यतीला ही वजनमर्यादा लागू होती हेच टिकेना. शिवाय 'रौप्यबाण' हा शब्द १९३२ सालीच बर्लिनच्या आव्हुस मार्गावर फॉन ब्राउखिच याच्या मोटारीविषयी उच्चारला गेला होता. १९३३ च्या त्रिपोलीच्या सोडत-शर्यतीत चालकांनी आधीच निकाल ठरवून घेतल्याची नॉयबाउअर यांनी रंगवलेली हकीगतही छाननीत अशीच ढासळली आहे.

तेव्हा नॉयबाउअर टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. बखरीत तारखा चुकतात, पण दरबारातील माणसांचे मत्सर आणि मानापमान तिच्याइतके जिवंत अन्यत्र सापडत नाहीत. मात्र शेजारी क्रिस निक्सन यांचा १९८६ चा 'रेसिंग द सिल्व्हर अ‍ॅरोज' हा ग्रंथ ठेवावा. त्यांनी हयात असलेल्या चालकांना आणि कारागिरांना गाठून त्यांच्या जबान्या घेतल्या. त्याच कंपूतील हेर्मान लांग हा मूळचा कारागीर. हातात पाना घेऊन शिरलेला माणूस पुढे त्या काळच्या सर्वांत वेगवान चालकांत गणला गेला, पण उच्च कुळातील सहकाऱ्यांनी त्याला पंक्तीत बरोबरीने बसू दिले नाही. ही गोष्ट वाचताना महाराष्ट्रीय वाचकाला टिपेची गरज भासणार नाही.

आत्मवृत्तांविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शर्यतवीरांची बहुतेक पुस्तके त्यांनी स्वहस्ते लिहिलेली नसतात. कोणी वृत्तपत्रकार ती लिहितो आणि वीर सही करतो. यात आपण तोंड वेंगाडण्याचे कारण नाही. आमच्या कल्याणचे चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला तो स्वतःचा हात फिरवूनच, आणि मूळ बाड जसेच्या तसे वाचावयास मिळण्यासाठी १९६६ साल उजाडावे लागले. उपकार वैद्यांचे आहेतच. पण कोणते वाक्य भटजींचे आणि कोणते वैद्यांचे, हा प्रश्न सहा दशके लोंबकळत राहिला. या दृष्टीने स्टर्लिंग मॉस आणि केन पर्डी यांचे १९६३ चे 'ऑल बट माय लाइफ' आम्हांस प्रामाणिक वाटते. त्यात विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हे झाकलेले नाही.

याहून प्रामाणिक मनुष्य म्हणजे डेनिस जेन्किन्सन. १९५५ च्या इटलीतील हजार मैलांच्या शर्यतीत ते मॉसच्या शेजारी बसले होते. मार्गातील प्रत्येक वळण आधी हिंडून टिपलेले, त्या टिपणांची सतरा-अठरा फूट लांबीची कागदी पट्टी एका पेटीत गुंडाळलेली, आणि यंत्राच्या गर्जनेत शब्द ऐकू येत नाही म्हणून हाताच्या खुणांनी दिलेली सूचना, अशा रीतीने त्या दोघांनी १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत ती शर्यत जिंकली. सरासरी ताशी जवळजवळ ९८ मैल, आणि तेही गावांतून, पुलांवरून, डोंगरांतून! त्यावर त्यांनी 'मोटर स्पोर्ट' मासिकात लिहिलेला वृत्तान्त हा या विषयावरील सर्वोत्कृष्ट लेख होय, असे आम्ही बेधडक म्हणतो. त्यांचे 'द रेसिंग ड्रायव्हर' हे १९५८ चे पुस्तक लहान आहे. वेगात असलेल्या माणसाचे डोळे, हात आणि मन काय करतात, याचा त्यात शास्त्रज्ञाच्या थंडपणाने विचार केला आहे.

वडील मंडळींचा आक्षेप अजून उरलाच आहे. तो खोटा नाही. जेन्किन्सन यांच्या त्या विजयानंतर सहा आठवडेही लोटले नव्हते तोच ल मान्स येथे लव्हेगची मोटार गर्दीत कोसळून ८० हून अधिक प्रेक्षक प्राणास मुकले, आणि शर्यत मात्र चालूच राहिली. दोन वर्षांनी इटलीतील ती हजार मैलांची शर्यतही प्रेक्षकांचे, त्यांत लहान मुलांचे, बळी घेऊन कायमची बंद झाली. रॉबर्ट डेली या अमेरिकन लेखकाने १९६३ साली आपल्या ग्रंथाला 'द क्रुएल स्पोर्ट' असेच नाव दिले. तो या खेळावर लुब्ध आहे आणि त्याला त्याची लाजही वाटते. दोन्ही भाव त्याने लपविले नाहीत. ज्या पुस्तकात मेलेल्यांची नावे विजेत्यांच्या यादीखाली तळटिपेत ढकललेली असतात ते घरात आणू नये. डेली खुशाल आणावा.

दोन अलीकडचे ग्रंथ आम्ही मुद्दाम राखून ठेवले होते. मिरांडा सेमूर यांचा 'द बुगाटी क्वीन' हा २००४ चा ग्रंथ एले नीस या फ्रेंच स्त्रीचे चरित्र होय. नर्तिका होती ती बुगाटी हाकू लागली आणि पुरुषांच्या बरोबरीने शर्यतींत उतरली. १९४९ साली माँटे कार्लो येथे भर मेजवानीत लुई शिराँ या नामांकित चालकाने तिच्यावर जर्मन गुप्त पोलिसांची हस्तक असल्याचा आरोप केला. पुरावा त्याने काही दिला नाही. तरी तिची कारकीर्द संपली, आणि १९८४ साली ती दारिद्र्यात वारली. सेमूर यांना त्या आरोपाला आधार सापडला नाही. मधल्या रिकाम्या जागा त्यांनी कोठे कोठे कल्पनेने भरल्या आहेत, हा दोष आम्ही पदरात घालतो; पण एका शब्दावर बुडालेली अब्रू कागदांच्या शोधाने वर काढता येते, एवढ्यासाठी तरी हे पुस्तक घरातील मुलींनी वाचावे. दुसरा ग्रंथ जो सॉवर्ड यांचा 'द ग्राँ प्री सॅबोटर्स'. १९२९ ची पहिली मोनॅको शर्यत जिंकणारा ग्रोव्हर-विल्यम्स आणि त्याचा सोबती रोबेर बेन्वा हे महायुद्धात व्यापलेल्या फ्रान्समध्ये ब्रिटिशांचे गुप्त हेर बनले. दोघेही जर्मन छळछावण्यांत मारले गेले. वेगाची ज्यांना कीर्ती होती त्यांनी वर्षानुवर्षे गुपचूप, दबकत काम केले. आणि ते दप्तरात बंद होते म्हणून कोणत्याच बखरीत धडपणे आले नाही.

आपल्याकडे जुहूच्या धावपट्टीवर मोटारी धावल्या, मद्रासजवळ शोलावरम येथे धावल्या. २००५ साली नारायण कार्तिकेयन जागतिक स्पर्धेत उतरला. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत दिल्लीजवळ ग्राँ प्रीही झाली. यांवर मराठीत लिहावयाचे तर जुन्या मोटारसंघांची कार्यक्रमपत्रे, गॅरेजवाल्यांच्या वह्या आणि म्हाताऱ्या मिस्त्रींच्या आठवणी आधी गोळा केल्या पाहिजेत. कुर्ल्याच्या आणि कल्याणच्या कारखान्यांत काम केलेली माणसे ठाणे-डोंबिवलीच्या चाळींतून आणि इमारतींतून आजही राहत आहेत. त्यांच्यापाशी वही-पेन्सिल घेऊन बसण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

ज्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे तेथे आरंभ जेन्किन्सनपासून करावा. त्यामागून जॅरट, मग निक्सन, मग सेमूर. रोज हा वाचण्यासाठी नव्हे, पडताळ्यासाठी. तो एखाद्या ग्रंथालयात मिळाला तरी पुरे. नॉयबाउअर मात्र सर्वांत शेवटी द्यावा, आणि देताना बरोबर एक तांबडी पेन्सिलही द्यावी.